कुंपणापलीकडचा केदार

नमस्कार मंडळी.

या हॉलमध्ये इतकी माणसं आहेत आणि इतकी शांतता आहे, की माईक नसता तरी चाललं असतं. मला माईकची सवय नाही. बोलायचीही नाही. विद्या म्हणाली, सुलभाताई, तुम्ही बोला. मी म्हटलं, मला नाही जमणार. ती म्हणाली, मला जमणार नाही, अनिलला जमणार नाही, मग कोणी बोलायचंच नाही का? म्हणून उभी आहे. मध्येच थांबले तर थोडं थांबा माझ्यासाठी.

तुमच्यातले बहुतेक जण मला ओळखत नाहीत. मी सुलभा धर्माधिकारी. मूळची नागपूरची. लहान मुलांची डॉक्टर होते, आता रिटायर्ड आहे. जॉर्जियात, अगदी दक्षिणेला, एका लहान गावात राहते. केदारची मी नात्यानं कोणी नाही. विद्या आणि अनिलरावांच्या या मुलाला तुम्ही रांगताना पाहिलंय. इथल्या रविवारच्या मराठी शाळेत तुमच्या मुलांबरोबर तो बाराखडी गिरवत होता. माझ्याकडे आला तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. म्हणजे त्याचं लहानपण तुमच्याकडे आहे. त्यानंतरचं थोडंसं माझ्याकडे आहे. तेवढं सांगते आणि बसते.

तो तीन आठवड्यांपूर्वी गेला. ओहायोत, त्याच्या अपार्टमेंटमध्ये, झोपेत. सकाळी ग्राउंडवर आला नाही म्हणून लोक बघायला गेले. एकोणचाळीस वर्षांचा होता. विद्या, तू मला फोनवर विचारलंस, त्याला कळलं असेल का हो? मी तेव्हा सांगितलं ते इथे सगळ्यांसमोर परत सांगते. झोपेत हृदय असं थांबतं तेव्हा माणसाला कळत नाही. एवढं मी डॉक्टर म्हणून सांगू शकते. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे नाहीत, आणि असल्याचा आव मी आणणार नाही.

तो माझ्याकडे कसा आला, ते सांगते.

आमच्या गावात बेसबॉलची एक टीम होती. खालच्या पायरीची, ज्याला मायनर लीग म्हणतात. मोठ्या टीममध्ये जाण्याआधी मुलं तिथे वर्षानुवर्षं खेळतात, आणि बहुतेक तिथूनच घरी परततात. त्या मुलांची राहायची सोय तेव्हा गावातली घरंच करायची. माझे यजमान, वसंत, यांना खेळाचं वेड होतं. ते गेले आणि वर्षभरानं एका सकाळी क्लबमधल्या बाईंचा फोन आला, की तुमच्याकडे खोली आहे ना, एक मुलगा ठेवून घ्याल का? वसंतनं आमचं नाव कधीतरी देऊन ठेवलं होतं. मला त्यांनी सांगितलंही नव्हतं. मी नाही म्हणणार होते. घरात कोणी नको होतं मला. तेवढ्यात त्या बाई म्हणाल्या, मुलाचं आडनाव मला नीट म्हणता येत नाहीये, स्पेलिंग सांगू का? आणि त्या एकेक अक्षर सांगायला लागल्या. के, एच, ए, एम, बी... ‘टी’ आणि ‘ई’पर्यंत पोचायच्या आत मी म्हटलं, पाठवा.

संध्याकाळी दारात उभा. दार भरून गेलं होतं. खांद्यावर भली मोठी बॅग. मी म्हटलं, ये, आत ये, बूट तिथे काढ. मराठीतच म्हटलं, सवयीनं. त्यानं वाकून बूट काढले, भिंतीला लावून नीट ठेवले, आणि म्हणाला, थँक यू, काकू.

मी त्याला काकू म्हण असं सांगितलं नव्हतं.

तो इंग्रजीत बोलायचा, मी मराठीत बोलायचे. एवढ्या वर्षांत त्यात फरक पडला नाही. तो जे काही बोलला ते आज मी मराठीत सांगतेय, पण शब्द त्याचे आहेत.

मंडळी, इथे जी मंडळी माझ्या वयाची आहेत, त्यांच्यासाठी एक सांगायला हवं. केदार पिचर होता, पण मॅच सुरू करणारा पिचर नव्हता. तो रिलीफ पिचर. सुरुवात दुसरा कोणी करतो. तो दमला, किंवा त्याच्याकडून बिघडलं, की मग याला बोलावतात. तोवर हा बसतो कुठे? तर मैदानाच्या पार टोकाला, कुंपणापलीकडे, एका बाकावर. त्या जागेला बुलपेन म्हणतात. तिथे एक फोन असतो. फोन वाजला की कोच सांगतो, अमुक उठ, हात गरम कर. मग तो उठतो, बॉल टाकायला लागतो. कधी बोलावणं येतं. कधी परत फोन येतो, की राहू दे, बस खाली. मग जॅकेट घालून परत बसायचं. त्या दिवशी त्यानं किती बॉल टाकले, त्याचा दंड किती दुखला, हे कुठेच लिहिलं जात नाही. आणि बोलावतात तेव्हा बहुतेक वेळा सगळं बिघडलेलंच असतं. दुसऱ्यानं केलेला घोळ समोर उभा असतो, आणि हा त्यात एकटा चालत जातो.

मी त्याला पहिल्याच महिन्यात विचारलं होतं, अरे, दोन-अडीच तास तिथे बसून करतोस काय? म्हणाला, बाकीचे गप्पा मारतात, सूर्यफुलाच्या बिया खातात. मी बॅटरचे पाय बघतो. मी म्हटलं, पाय? म्हणाला, हो काकू, हात खोटं बोलतात, पाय बोलत नाहीत. आणि तिथे मला कोणी काही विचारत नाही. ते मला बरं वाटतं.

ते शेवटचं वाक्य मला तेव्हा समजलं नाही.

आमचं दोघांचं चांगलं जमलं. कारण दोघांनाही बोलायची गरज नव्हती. सकाळी दहाला तो उठायचा. मी थालीपीठ लावायचे. तो त्यावर केचप घालून खायचा, आणि मी तिकडे बघत नसे. विद्या, तू हसतेयस, म्हणजे ही सवय तुझ्याच घरची आहे. मग तो ताट धुऊन ठेवायचा आणि निघायचा. घरात कोणीतरी येतं-जातं, बाथरूममधलं पाणी वाजतं, एवढंच. ज्याचं घर रिकामं झालेलं असतं त्याला कळेल मी काय म्हणतेय ते.

रविवारी दुपारी मॅच असली की मी जायचे. वसंतची टोपी घालून. कुंपणाजवळची जागा घ्यायचे, म्हणजे तो दिसायचा. त्यानं कधी हात केला नाही, मीही कधी केला नाही. बहुतेक रविवारी तो उठायचाच नाही बाकावरून. घरी आल्यावर मी विचारायचे, जेवतोस ना? तो म्हणायचा, हो काकू.

दोन सीझन तो माझ्याकडे होता. मग वरच्या पायरीवर गेला, दुसऱ्या राज्यात. आणि तिसऱ्या वर्षी त्याचा कोपर गेला. आतला लिगामेंट फाटला. पिचर लोकांना हे होतं. ऑपरेशन करतात, वर्ष-सव्वा वर्ष लागतं, आणि हात परत येईल याची खात्री कोणी देत नाही.

ऑपरेशन झाल्यावर तो इथे, आईवडिलांकडे आला नाही. माझ्याकडे आला. मंडळी, हे मी मुद्दाम सांगतेय. कारण विद्याला त्याचं फार लागलं होतं आणि तिनं ते मला कधी बोलून दाखवलं नाही. निमित्त होतं, की त्याच्या ओळखीचा फिजिओ आमच्या गावात आहे. फिजिओ इथेही होते. खरं कारण त्यानं मला सांगितलं होतं. म्हणाला, घरी गेलो की आई रोज सकाळी माझ्या हाताकडे बघणार आणि काही बोलणार नाही. आणि बाहेर पडलो की प्रत्येक जण विचारणार, मग आता पुढे काय?

तुम्ही प्रेमानंच विचारलं असतं, मला माहीत आहे. गणपतीत, दिवाळीच्या कार्यक्रमात, पार्किंग लॉटमध्ये. आपण असंच विचारतो. त्याच्याकडे उत्तर नव्हतं, एवढंच.

आमच्याकडे त्याला कोणी काही विचारलं नाही. काही महिने तो फक्त चालायचा. डावा हात खिशात, उजव्यावर पट्टा. मग एके दिवशी फिजिओनं सांगितलं, आता बॉल टाकायला लाग, अगदी हळू, अगदी जवळून. पण टाकायचा कोणाकडे? त्या वेळी टीम बाहेरगावी होती. तो मागच्या अंगणात बॉल हातात घेऊन उभा होता. मी कपडे वाळत घालत होते. मी म्हटलं, माझ्याकडे टाक.

माझं वय तेव्हा साठीच्या जवळ. अंगात पंजाबी ड्रेस, पायात स्लिपर. त्यानं त्याचा जुना ग्लोव्ह माझ्या हातात घातला, बोटं कुठे घालायची ते दाखवलं. आणि लांब गेला, म्हणजे आपल्या हॉलच्या या टोकापासून त्या खांबापर्यंत. आणि बॉल टाकला.

मंडळी, काय सांगू. मी त्याला मोठ्यातल्या मोठ्या माणसांसमोर बॉल टाकताना पाहिलंय. पण तो पहिला बॉल माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. एखाद्या बाईच्या हातात तान्हं मूल द्यावं तसा टाकला होता. मी तो धरला. परत टाकला, तो कुठेतरी भलतीकडे गेला, आणि केदार धावत जाऊन घेऊन आला. मग रोज सकाळी हेच. शेजारचे आजोबा खुर्ची टाकून बघायला बसायचे. रोज तो एक-दोन पावलं मागे सरकायचा. रोज बॉल जरा जास्त जोरात यायचा. माझा तळवा लाल व्हायचा, मी सांगायचे नाही.

एका सकाळी तो थांबला. जवळ आला, माझा हात धरून उलटा केला, तळवा बघितला, आणि म्हणाला, काकू, आता तुम्ही नको.

तो बरा झाला होता. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण आत येऊन मी ओट्याशी कितीतरी वेळ नुसती उभी होते.

त्यानंतर तो परत चढायला लागला. एकेक पायरी. एका शहरातून दुसऱ्या शहरात, बसनं. आज इथे बॅग उघडायची, चार दिवसांनी बंद करायची. आणि मग, तिशीला टेकला असताना, मोठ्या टीमनं बोलावलं. वरच्या, शेवटच्या पायरीवर. तुम्हाला सगळ्यांना ते आठवत असेल, या मंडळानं केक कापला होता म्हणे.

त्याची पहिली मॅच मी टीव्हीवर बघितली. विद्या आणि अनिलराव प्रत्यक्ष गेले होते. सातव्या डावात तिन्ही बेसवर, म्हणजे धाव घेतानाच्या तिन्ही थांब्यांवर, समोरच्यांची माणसं उभी, आणि फोन वाजला असणार, कारण कुंपणाचं दार उघडलं आणि तो बाहेर आला. कॉमेंट्री करणाऱ्यानं त्याचं आडनाव घेतलं, खॅम्बीटी. तो आयुष्यभर खॅम्बीटीच राहिला. मी एकदा म्हटलं, अरे, सांग ना त्यांना नीट. म्हणाला, ते प्रयत्न करतायत काकू, राहू दे.

त्यानं मोजके बॉल टाकले. बॅटर आउट झाला. डाव संपला. तो मान खाली घालून चालत गेला आणि बाकावर बसला. पुढच्या डावात दुसरा पिचर आला. झालं.

आणि विद्या त्या वेळी पाणी आणायला गेली होती. रांग मोठी होती. परत आली तोवर अनिलराव उभे राहून रडत होते आणि हिला कळेना काय झालं. विद्या, हे मी सांगितलं तर चालेल ना? कारण ही गोष्ट केदारला फार आवडायची. तो ती कोणालाही सांगायचा. म्हणायचा, तेरा वर्षांचा होतो तेव्हापासून घर सोडेपर्यंत आईनं माझी एकही मॅच चुकवली नाही. मोठ्या लीगमधला माझा पहिला बॉल पडला तेव्हा ती पाण्याच्या रांगेत होती. आणि हसायचा. खरंच हसायचा, मनापासून. त्याला ते लागलं नव्हतं. हे मी तुला एवढ्यासाठी सांगतेय, की तुला ते अजून लागतं, हे मला माहीत आहे.

वरच्या पायरीवर तो दोनच सीझन राहिला. तेही सलग नाही. मधूनमधून खाली पाठवायचे, परत बोलवायचे. चांगलं काम केलं त्यानं. किती वेळा दुसऱ्याचं बिघडलेलं सावरलं. सावरलं की नाव सुरुवातीच्या पिचरचं व्हायचं, आणि त्यात गैर काही नाही, तसाच तो खेळ आहे.

मग ती मॅच झाली.

तुमच्यातल्या ज्यांनी पाहिली त्यांना कुठली ते सांगायला नको. सीझनची शेवटची मॅच. जिंकली असती तर टीम पुढे जाणार होती. शेवटच्या डावात केदार आला तेव्हा त्याची टीम एका धावेनं पुढे होती, पण समोरच्यांचा एक माणूस बेसवर उभा होता. त्यानं बॉल टाकला आणि समोरच्यानं तो कुंपणाबाहेर मारला. संपलं. एका फटक्यात टीमचं वर्ष संपलं. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर किती वेळ होता. मी टीव्ही बंद केला, कारण मला वाटलं मी बघणं थांबवलं तर निदान एक माणूस कमी होईल.

त्यानंतर फोनवर त्याला लोकांनी काय काय लिहिलं ते मी सांगणार नाही. नावावरून, रंगावरून. तुम्ही कल्पना करू शकता, आपण सगळे याच देशात राहतो.

दोन दिवसांनी दुपारी तो माझ्या दारात. विमानानं अटलांटाला उतरला, गाडी भाड्यानं घेतली आणि सरळ आला. मी काही विचारलं नाही. आमटी-भात वाढला. जेवला, आणि जाऊन झोपला. उठला तो संध्याकाळ व्हायला आली होती. बाहेर जाऊन त्यानं माझं गवत कापलं. पुढचं, मागचं, सगळं. मग पायरीवर येऊन बसला. मी शेजारी बसले.

म्हणाला, लोक शिव्या देतायत त्याचं मला काही नाही, काकू. ते मला ओळखत नाहीत. पण परत येताना विमानात माझ्या शेजारची सीट रिकामी होती. पूर्ण विमान भरलेलं, आणि ती एक रिकामी. सगळे येताना माझ्या खांद्यावर थाप मारून गेले, पण बसलं कोणी नाही. फार चांगली माणसं आहेत ती. त्यांना काय बोलावं कळत नव्हतं, म्हणून नाही बसले. त्यांच्या जागी मी असतो तर मीही नसतो बसलो.

मग तो म्हणाला, फक्त बाबांचा फोन आला.

अनिलराव, हे तुमच्यासाठी. तुम्ही मला एकदा म्हणाला होतात, की त्या दिवशी मी फोन केला आणि मूर्खासारखं भलतंच बोलत बसलो, मला अजून लाज वाटते. तेव्हा केदारचं बोलणं तुम्हाला सांगायला मला जमलं नाही, कारण ते त्यानं मला सांगितलं होतं, तुम्हाला नाही. आज सांगते. तो म्हणाला, बाबांनी विचारलं, गाडीचं ऑइल बदललंस का? मी म्हटलं, नाही. मग बाबा ऑइलबद्दल बोलत राहिले. सिंथेटिक घाल, साधं नको घालू. फिल्टर पण बदलून घे. कुठल्या दुकानात घाई करतात, कुठे नीट करतात. मी फोन कानाला लावून बसलो होतो काकू, आणि मला वाटत होतं, हे संपू नये.

एवढंच म्हणाला तो. हे संपू नये.

त्याला दुसरं काही नको होतं, अनिलराव. तुम्ही जे बोललात, तेच हवं होतं.

त्यानंतर मोठ्या टीमनं त्याला ठेवलं नाही. मग इकडे-तिकडे. मेक्सिकोत दोन हिवाळे खेळला. कुठल्याही मोठ्या क्लबशी संबंध नसलेल्या लहान लीगमध्ये खेळला, जिथे प्रेक्षक कमी आणि डास जास्त. सगळे म्हणाले, आता सोड. मीही विचारलं, का रे खेळतोस अजून? मला वाटलं तो काहीतरी मोठं बोलेल. म्हणाला, मला बॉल टाकायला आवडतं. झालं. मध्ये एक मुलगी होती त्याच्या आयुष्यात, चांगली होती. पण वर्षातले आठ-नऊ महिने जो घरी नसतो, त्याच्यासाठी किती थांबायचं? भांडण न होता ते वेगळे झाले. त्याबद्दल तो फारसा बोलला नाही, मीही विचारलं नाही.

छत्तिसाव्या वर्षी खांद्यानं नकार दिला. मग तो थांबला. आणि ओहायोत कोच म्हणून गेला. कुठला कोच? तर बुलपेनचा. म्हणजे परत तोच बाक.

दोन वर्षांपूर्वी मी बाथरूममध्ये पडले. हिप मोडलं. माझा मुलगा देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, सनीव्हेलला असतो. तो लगेच आला, सगळी व्यवस्था लावली, पण त्याची नोकरी आहे, मुलांच्या शाळा आहेत, त्याला जावं लागलं. मी त्याला काही दोष देत नाही. तो गेला त्याच आठवड्यात केदार आला. सीझन संपलेला होता. म्हणाला, तुमच्याकडे खोली आहे ना? आणि मी काठीशिवाय चालायला लागेपर्यंत राहिला. माझ्या पायाला व्यायाम करवून घ्यायचा. मी कुरकुर केली की म्हणायचा, काकू, अजून एकदा. माझ्या कोपराच्या वेळी मला वर्षभर हेच ऐकावं लागलं होतं.

एका दुपारी आम्ही मागच्या अंगणात बसलो होतो. मी त्याला विचारलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच विचारलं. म्हटलं, केदार, तुला एकटं वाटतं का रे?

तो पटकन नाही म्हणाला नाही. विचार केला त्यानं. मग म्हणाला, हो काकू, वाटतं. लहान होतो तेव्हापासून वाटतं. आमच्याकडे पार्टीत सगळी मुलं बेसमेंटमध्ये खेळायची तेव्हाही वाटायचं. बेसबॉलमुळे नाही ते. बेसबॉल नसता तरी वाटलंच असतं. फक्त तिथे, मधोमध उभं राहिल्यावर, एकटं असणं हेच माझं काम होतं. त्यामुळे तिथे ते दुखायचं नाही.

विद्या, अनिलराव, हे ऐकायला सोपं नाही. मी इथे येताना विमानात खूप विचार केला, की हे सांगावं की नाही. पण शोकसभेत आपण म्हणतो, तो फार आनंदी होता, सगळ्यांचा लाडका होता. तो लाडका होताच. पण तो एकटाही होता, आणि त्यात कोणाची चूक नव्हती. तुमची नव्हती, त्या खेळाची नव्हती. काही माणसं तशीच असतात. मीही आहे. म्हणून तर तो माझ्याकडे यायचा. आम्ही एकमेकांचा एकटेपणा घालवला असं मी म्हणणार नाही. आम्ही तो शेजारी शेजारी बसून काढला.

आता शेवटचं.

गेल्या आठवड्यात आम्ही तिघं त्याचं अपार्टमेंट आवरायला ओहायोला गेलो होतो. आवरायला फार काही नव्हतं. अर्ध्या दिवसात झालं. मग विद्या म्हणाली, मला तो बसायचा ती जागा बघायची आहे. क्लबच्या लोकांनी लगेच दार उघडून दिलं आणि आम्हाला एकटं सोडलं. दुपारची वेळ. टीम बाहेरगावी गेलेली. आम्ही कुंपणाच्या पलीकडे गेलो आणि त्या बाकावर बसलो. साधा लाकडी बाक. तिथून सगळं फार लांब दिसतं. बॅटर उभा राहतो ती जागा तर केवढीशी दिसते. विद्या मला म्हणाली, मी इतकी वर्षं याच्या मॅच बघितल्या, पण इथून कधी बघितलं नव्हतं.

मैदानात एक माणूस गवताला पाणी देत होता. आफ्रिकन अमेरिकन, आमच्याच वयाचा. आम्ही कोण ते त्याला कळलं असावं. त्यानं पाणी बंद केलं, टोपी काढली, आणि कुंपणाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, केदार रोज सगळ्यांच्या आधी यायचा. आणि मंडळी, तो ‘केदार’ म्हणाला. नीट म्हणाला, तुम्ही-मी म्हणतो तसं.

तेव्हा विद्या उठली. कुंपणाला हात लावून उभी राहिली. मला वाटलं, ती विचारेल शेवटी तो कसा होता, काही बोलला होता का. तिनं इंग्रजीत विचारलं, “तो नीट जेवायचा का?”

तो माणूस म्हणाला, “हो मॅम. बहुतेक दिवस आम्ही दोघं एकत्रच जेवायचो. इथेच.”

विद्यानं मान हलवली. आणि परत येऊन बाकावर बसली, आणि कितीतरी वेळ आम्ही तिघं तिथे बसून होतो. तो माणूस परत पाणी द्यायला लागला.

मंडळी, माझं बोलणं संपलं. आता उभं राहायला नको. डोळे मिटायलाच हवेत असंही नाही. ज्याच्या शेजारी जो बसलाय, त्याच्यासोबत दोन मिनिटं नुसते बसून राहूया. केदार बाळा, तुला काकूचा नमस्कार.